हलकी शिदोरी

जुन्या लोककथांतील राजपुत्र देशांतरास निघाला म्हणजे त्याची आई त्याला दोन प्रकारचे लाडू बांधून देत असे. भूक लागली की भूकलाडू खावयाचा आणि तहान लागली की तहानलाडू. एवढ्या एका पुरचुंडीवर तो राजपुत्र सात अरण्ये ओलांडून जाई. ह्यांपैकी भूकलाडू करणे मनुष्याला फार पूर्वीपासून साधले आहे. तहानलाडू मात्र आजपर्यंत कोणालाही साधलेला नाही आणि तो कधी साधणारही नाही. ह्या दोन लाडवांमधील फरक नीट ध्यानात आला, तर डोंगरात, अरण्यात किंवा हिमप्रदेशात पायी जाणाऱ्याने बरोबर काय न्यावे, ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

प्रवासी गाडीने जात असेल तर शिदोरीच्या वजनाचा विचार करण्याचे कारण पडत नाही. परंतु ज्याला पाठीवरच्या पिशवीत अंथरूण, कपडे, भांडी आणि आठ-दहा दिवसांचे अन्न घेऊन चढ चढावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने प्रत्येक ग्रॅमला किंमत असते. डोंगराळ प्रदेशात ओझे घेऊन दिवसभर चालणाऱ्या प्रौढ मनुष्याला दिवसाला सामान्यतः ३,००० ते ४,००० उष्मांक लागतात. ही गरज घरच्या वरणभाताने भागवावयाची म्हटले, तर काय होईल? शिजलेल्या भातात सुमारे ७० टक्के पाणी असते, वरणात त्याहूनही अधिक. अशा शंभर ग्रॅम अन्नातून जेमतेम शंभर-सव्वाशे उष्मांक मिळतात. म्हणजे एका माणसाला रोज तीन किलोग्रॅम अन्न हवे आणि दहा दिवसांना तीस किलोग्रॅम. एवढे ओझे एकट्याने उचलून डोंगर चढणे अशक्यच, आणि ते दुसऱ्या दिवशी आंबून जाईल ही गोष्ट वेगळीच.

उलट तांदूळ, डाळ, पीठ ह्यांसारख्या कोरड्या धान्यात पाणी केवळ दहा ते तेरा टक्के असते व त्यांच्या शंभर ग्रॅमपासून सुमारे ३५० उष्मांक मिळतात. ह्याचा अर्थ असा की, ताज्या व शिजलेल्या अन्नाचे बहुतेक ओझे हे अन्नाचे नसून पाण्याचे असते. बटाट्यात ८० टक्के पाणी असते, टोमॅटोत ९४ टक्क्यांच्या आसपास. पाच किलोग्रॅम बटाट्यांत खरा घनभाग एक किलोग्रॅमच. ते दहा टक्के आर्द्रता राहीपर्यंत वाळविले, तर एक किलोग्रॅमहून थोडे अधिक वजन उरते. जवळजवळ चार किलोग्रॅम पाणी घरीच सोडून प्रवासी मोकळा होतो.

परंतु हे पाणी वाटेत परत मिळावयास हवे. हलक्या शिदोरीविषयी बोलताना हा मुद्दा बहुधा विसरला जातो. हिमालयातील ओढ्यांच्या काठाने जाणाऱ्याला वाळविलेल्या अन्नाचा पुरेपूर लाभ होतो, कारण पाणी त्याला पावलोपावली भेटते. उन्हाळ्यात सह्याद्रीच्या एखाद्या गडावर, जेथील टाकी आटून गेलेली असतात, तेथे पिण्याचे व शिजविण्याचे पाणी पाठीवरून न्यावे लागते. अशा ठिकाणी कोरडी खिचडी नेऊन वजनात काहीही बचत होत नाही. अन्नातले पाणी काढून बाटलीत भरले, एवढेच काय ते घडते. तेथे दशमी, धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्याच बऱ्या. चालणाऱ्याच्या शरीराला घामावाटे गेलेले पाणी भरून काढावेच लागते, आणि कोणतेही कोरडे अन्न त्याची उणीव भरून काढू शकत नाही. तहानलाडू होत नाही तो ह्यामुळे.

कोणत्या अन्नघटकापासून किती उष्मांक मिळतात, हे पाहिल्यास वजन कमी करण्याचा दुसरा मार्ग दिसतो. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा साखर ह्यांपासून सुमारे चार उष्मांक मिळतात, प्रथिनांपासूनही तेवढेच. स्निग्ध पदार्थांपासून मात्र नऊ मिळतात. म्हणून तूप, तेल, शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे हे पदार्थ शिदोरीत असले की तिचे वजन घटते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात. तीळ आणि गूळ ह्यांचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे लाडू हे पदार्थ थंडीच्या दिवसांत खाण्याची आपली पद्धत आहे. प्रवाशाच्या दृष्टीनेही ते उत्तम होत. लोककथेतील भूकलाडू बहुधा असाच काहीतरी असला पाहिजे.

मग केवळ तूपच का नेऊ नये, असा प्रश्न निघेल. ह्या प्रश्नाचे उत्तर तीन माणसांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून शोधले. १९११ च्या जून अखेरीस, दक्षिण ध्रुवाजवळील अखंड रात्रीत, स्कॉटच्या मोहिमेतील विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एंपरर पेंग्विनांची अंडी आणण्यासाठी निघाले. प्रत्येकाचा दैनिक शिधा सुमारे ९०० ग्रॅम होता आणि त्यात पेमिकन, बिस्किटे आणि लोणी एवढेच मुख्य पदार्थ होते. मात्र त्यांचे प्रमाण प्रत्येकाने मुद्दाम निराळे ठेवले. विल्सनने लोणी अधिक घेतले, बॉवर्सने पेमिकन आणि चेरी-गॅरार्डने बिस्किटे. थोड्याच दिवसांत विल्सनला आपल्या वाट्याचे लोणी संपेना. चेरी-गॅरार्डला बिस्किटे खाऊन छातीत जळजळ होई आणि स्निग्ध पदार्थांची भूक मात्र भागत नसे. शेवटी दोघांनी आपसांत अदलाबदल केली आणि मधले प्रमाण पक्के झाले. पाच आठवड्यांच्या त्या भयंकर प्रवासातून तिघेही जिवंत परतले. स्निग्ध पदार्थ किती पचतील ह्याला मर्यादा आहे, तसेच त्यांच्यावाचून चालत नाही, ह्या दोन्ही गोष्टी त्या प्रवासात दिसून आल्या.

उत्तर अमेरिकेतील शिकारी लोकांना ह्याची दुसरी बाजू केव्हाच ठाऊक होती. हिवाळ्यात केवळ सशांच्या मांसावर राहणारा माणूस पोटभर खाऊनही खंगत जातो. त्याला अतिसार होतो, डोके दुखते आणि भूक शमत नाही. सशाच्या मांसात चरबी अत्यल्प असते. शरीर प्रथिनांपासून ऊर्जा मिळविते खरे, पण त्यात निर्माण होणारे नत्रयुक्त मळ बाहेर टाकण्याची यकृत-मूत्रपिंडांची शक्ती मर्यादित असते. तेथील भाषेत ह्या अवस्थेला ‘सशांची उपासमार’ असेच नाव पडले आहे. म्हणून शिकारीला जाणाराही मिळणाऱ्या सावजाच्या भरवशावर न राहता बरोबर चरबी किंवा पीठ बाळगीत असे.

पेमिकन

ह्या सर्व अनुभवातून जे अन्न तयार झाले, ते पेमिकन. हा शब्द क्री जमातीच्या भाषेतील असून त्याचे मूळ चरबीवाचक शब्दात आहे. कॅनडातील आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात गव्यासारख्या बायसन ह्या प्राण्याची मोठी शिकार होई. त्याच्या चरबीविरहित मांसाच्या पातळ पट्ट्या उन्हात व धुरावर कडक वाळवीत, दगडाने कुटून त्यांचा भुगा करीत आणि त्यात जवळजवळ तेवढ्याच वजनाची वितळलेली चरबी ओतीत. कधी वाळलेली रानफळेही घालीत. हे मिश्रण बायसनच्या कातड्याच्या पिशवीत गच्च भरून ती शिवून टाकीत. एकेक पिशवी चाळीस किलोग्रॅमच्या आसपास असे. पाच किलोग्रॅम मांसापासून जेमतेम एक किलोग्रॅम भुगा मिळे, आणि चरबी मिसळल्यावर शंभर ग्रॅम पेमिकनमध्ये सहाशेच्या आसपास उष्मांक येत. शिजविण्याची गरज नाही, वर्षानुवर्षे टिकणारे आणि पाठीवर वा नावेत सहज नेता येणारे असे हे अन्न होते.

त्याचे महत्त्व किती होते, हे एका ऐतिहासिक प्रसंगावरून कळते. कॅनडातील केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांच्या नावाड्यांचे पोट पेमिकनवरच चाले. १८१४ च्या जानेवारीत रेड नदीच्या खोऱ्यातील नव्या वसाहतीचा गव्हर्नर माइल्स मॅकडॉनेल ह्याने आपल्या वसाहतीची उपासमार होऊ नये म्हणून पेमिकन प्रदेशाबाहेर नेण्यास बंदी केली. ज्यांचे पोट आणि पैसा ह्या धंद्यावर अवलंबून होते, त्या मेटी लोकांना आणि नॉर्थ वेस्ट कंपनीला हे मानवले नाही. तंटा चिघळत गेला आणि १८१६ च्या जूनमध्ये सेव्हन ओक्स येथे झालेल्या चकमकीत तत्कालीन गव्हर्नरासह वीसहून अधिक माणसे मारली गेली. शिदोरीवरून लढाई झाल्याचे असे उदाहरण इतिहासात विरळाच.

पुढे हेच पेमिकन कारखान्यात तयार होऊन ध्रुवप्रदेशात गेले. स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या अंतिम टप्प्यासाठी प्रत्येक माणसामागे रोज सुमारे ४५० ग्रॅम बिस्किटे, ३४० ग्रॅम पेमिकन, ५७ ग्रॅम लोणी, ८५ ग्रॅम साखर आणि थोडा कोको व चहा एवढा शिधा ठरला होता. त्याचे उष्मांक साडेचार हजारांच्या आसपास भरतात. कागदावर हा आकडा भरपूर वाटतो. परंतु कडाक्याच्या थंडीत आठ-दहा तास घसरगाडी ओढणाऱ्या माणसाचा खर्च ह्याहून पुष्कळच अधिक असतो, आणि ही तूट रोज साचत जाते. त्यात शिधा चौघांच्या हिशेबाने बांधलेला असताना ध्रुवाकडे पाच जण गेले. १७ जानेवारी १९१२ रोजी ते ध्रुवावर पोहोचले, तेव्हा अमुंडसेन तेथे पाच आठवड्यांपूर्वीच येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर अन्नाच्या जोडीला इंधनही कमी पडू लागले. ठिकठिकाणी ठेवलेल्या रॉकेलच्या डब्यांची चामड्याची बुचे थंडीने आक्रसली होती आणि डब्यांतील तेल उडून गेले होते. मार्चच्या अखेरीस उरलेले तिघे आपल्या पुढच्या मोठ्या साठ्यापासून केवळ वीसेक किलोमीटरांवर तंबूत मृत्यू पावले.

त्यांच्या मृत्यूची कारणे अनेक होती. एकट्या शिध्यावर तो दोष टाकणे बरोबर नाही. पण रॉकेलचा प्रश्न प्रत्येक प्रवाशाने समजून घेण्यासारखा आहे. हिमप्रदेशात पाणी म्हणजे वितळलेला बर्फ. एक किलोग्रॅम बर्फ नुसता वितळविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तितकेच पाणी शून्य अंशापासून ऐंशी अंशांपर्यंत तापले असते. म्हणजे बर्फापासून चहा करणाऱ्याला ओढ्याच्या पाण्यापासून चहा करणाऱ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट इंधन हवे. इंधन संपले की पाणी संपते, आणि पाणी संपले की पिशवीतले कोरडे अन्न असून नसल्यासारखे होते. १९५२ च्या मे महिन्यात तेनसिंग आणि लाम्बेर ह्यांनी एव्हरेस्टवर सुमारे ८,४०० मीटर उंचीवर स्टोव्हाशिवाय रात्र काढली. मेणबत्तीच्या ज्योतीवर वितळविलेले घोटभर पाणी एवढाच त्यांना आधार होता, आणि दुसऱ्या दिवशी शिखर न गाठताच त्यांना फिरावे लागले. पुढील वर्षीच्या मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू ह्यांनी गिर्यारोहकांना रोज कित्येक लिटर पेये मिळालीच पाहिजेत असा आग्रह धरला व त्यासाठी इंधनाची तरतूद करविली. २९ मे १९५३ च्या यशात त्या रॉकेलचाही वाटा आहे.

आधीच शिजलेले अन्न

उंचीवर इंधनाचा खर्च आणखी एका कारणाने वाढतो. दर तीनशे मीटर चढले की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. तीन हजार मीटरांवर पाणी नव्वद अंशांच्या आसपास उकळते, साडेचार हजारांवर पंच्याऐंशीला. पाणी खळखळा उकळत असले तरी ते पुरेसे तापलेले नसते. त्यात डाळ तासन्‌तास ठेवली तरी बोटचेपी होत नाही. राजम्याच्या बाबतीत तर हे धोक्याचेच आहे. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. ते पूर्ण उकळीत दहा मिनिटांत नष्ट होते, परंतु मंद उष्णतेत टिकून राहते आणि खाणाऱ्यास वांत्या व जुलाब होतात. लहानसा प्रेशर कुकर हा ह्यावर उपाय आहे, पण त्याचे वजन चार-पाच जणांत वाटून घेतले तरच परवडते. एकट्यादुकट्याने घरीच शिजवून वाळविलेले अन्न न्यावे, हे अधिक शहाणपणाचे.

असे अन्न भारतात नवे नाही. धान्य तापलेल्या वाळूत भाजले म्हणजे त्यातील पिष्ट शिजते आणि पाणीही उडून जाते. मग त्याचे पीठ केवळ थंड पाण्यात कालवून खाता येते. बिहारमधील हरभऱ्याचे सत्तू, आपल्याकडील सातूचे पीठ, लडाख व तिबेटकडील भाजलेल्या जवाचे त्साम्पा ही एकाच कल्पनेची निरनिराळी रूपे होत. त्साम्पा लोणी घातलेल्या खारट चहात कालवून खातात. त्यात पिष्ट, स्निग्ध पदार्थ, मीठ आणि गरम पाणी ही चारही एकाच वाटीत येतात. थंड व विरळ हवेत राहणाऱ्या लोकांनी ह्याहून चांगली योजना काय करावी? पोह्यांचीही तीच गोष्ट. भात भिजवून, भाजून, चेपटा केला म्हणजे तो आत शिजलेला असतो. म्हणून पोहे नुसत्या पाण्याने मऊ होतात आणि तांदूळ होत नाहीत. कुरमुरे आणि लाह्या ह्याच वर्गातले, मात्र ते वजनाने हलके असले तरी जागा फार अडवितात. कुरडयांचा तर पाठीवरच्या पिशवीत चुराच होतो.

मराठ्यांच्या फौजांच्या चपळाईची जी कारणे सांगितली जातात, त्यांत त्यांच्या शिदोरीचा उल्लेख नेहमी येतो. थोरले बाजीराव घोड्यावरूनच कणसाचे दाणे हातावर मळून खात, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, ज्या सैन्यामागे स्वयंपाकाचा लवाजमा नाही ते लवकर हालते, हे तिच्यातील तात्पर्य लष्करी लोकांना सर्वत्र पटलेले आहे. १८६७ मध्ये ग्रूनेबेर्ग ह्या बर्लिनच्या आचाऱ्याने वाटाण्याचे पीठ, चरबी, खारविलेले मांस व मसाले एकत्र करून त्याची कांडी तयार केली. कांडीचा तुकडा मोडून गरम पाण्यात घातला की दाट सार होई. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाच्या सैन्याने ती फार वापरली. तिचे उत्पादन थेट २०१८ पर्यंत चालू होते. आपल्याकडील मेतकूट किंवा भाजलेल्या मुगाच्या डाळीचे पीठ तुपावर परतून, मीठ, जिरे, हिंग घालून नेले, तर तशाच प्रकारचे सार पाच मिनिटांत होते, आणि त्याचा खर्च अगदी थोडा असतो.

वाळविण्याची क्रिया सोपी दिसते, पण तिच्यामागील तत्त्व ठाऊक असल्यास चुका टळतात. अन्न नासते ते जंतू, किण्व आणि बुरशी ह्यांच्यामुळे, आणि ह्या सर्वांना मोकळे पाणी लागते. पदार्थातील पाणी एका ठराविक मर्यादेपेक्षा कमी झाले की प्रथम जंतूंची वाढ थांबते, नंतर बुरशीची. मीठ आणि साखर पाण्याला बांधून ठेवतात. म्हणून किंचित ओलसर असूनही खारवलेले मांस किंवा गुळाची वडी टिकते. मात्र वाळविण्याने जंतू मरतातच असे नाही. ते निद्रिस्त राहतात आणि पाणी मिळताच जागे होतात. म्हणून मांस वाळवावयाचे असेल, तर ते आधी आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसच्या वर, व कोंबडीचे असल्यास ७४ अंशांच्या वर तापवून घ्यावे आणि मगच वाळवावे. त्यातील चरबी काढून टाकावी, कारण चरबी वाळत नाही. ती हवेने खवट होते.

घरी करण्यास सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे वाळविलेली खिचडी. तांदूळ आणि मुगाची डाळ नेहमीपेक्षा थोडी मऊ शिजवावी. तेल-तूप ह्या वेळी घालू नये, कारण तेलकट दाणा पुढे पाणी ओढत नाही. शिजताच ताटांत किंवा स्वच्छ कापडावर अगदी पातळ पसरावी. येथे घाई आवश्यक आहे. कोमट भात तासन्‌तास तसाच राहिला, तर त्यात एक प्रकारचे जंतू वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. कडक ऊन व वारा असेल तर उन्हात, नाही तर साठ अंशांच्या आसपास राहणाऱ्या भट्टीत दाणे कडकडीत होईपर्यंत वाळवावे. ढगाळ किंवा दमट दिवशी ह्या खटपटीला लागूच नये. वाळवणे चैत्र-वैशाखात घालण्याची आपल्या घरांतील रीत उगाच पडलेली नाही. भाज्यांचे काप पातळ करावे. जाड काप फार उष्णतेवर ठेवला, तर वरची साल टणक होते, आतले पाणी अडकून राहते आणि बाहेरून कोरडा दिसणारा तुकडा आठवड्याने आतून बुरसतो. वाळलेला पदार्थ बंद बरणीत दोन-तीन दिवस ठेवून पाहावा. काचेवर ओल धरली तर तो पुन्हा उन्हात घालावा.

मुक्कामावर ह्या खिचडीवर उकळते पाणी ओतून भांडे झाकावे, टॉवेलात गुंडाळावे आणि पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवावे. स्टोव्ह त्या वेळी बंद असतो. तूप आणि मीठ शेवटी घालावे.

गोठवून वाळविणे ही ह्याहून वरची पायरी. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात चार हजार मीटरांच्या आसपास राहणारे शेतकरी बटाटे रात्रीच्या हिमात गोठवितात, दिवसा पायांनी तुडवून त्यांतील पाणी पिळून काढतात आणि उन्हात वाळवितात. ह्या वाळलेल्या बटाट्यांना चुन्यो म्हणतात. ते वर्षानुवर्षे टिकतात. मांस वाळविण्याला त्यांच्याच भाषेत चार्की म्हणतात, आणि इंग्रजीतील ‘जर्की’ हा शब्द त्यावरूनच आला. आधुनिक यंत्रात गोठविलेले अन्न निर्वात पेटीत ठेवतात. तेथे बर्फाचे पाणी न होता एकदम वाफ होते. पदार्थाचा आकार व चव टिकते, त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात आणि गरम पाणी ओतताच ते आत शिरून पदार्थ पूर्ववत होतो. परंतु निर्वात पंप आणि दीर्घकाळ चालणारे शीतकरण ह्यांचा खर्च मोठा असल्याने असे जेवण महागच पडते. भारतात ह्या विषयावर म्हैसूर येथील दोन संस्थांनी विशेष काम केले आहे: १९५० मध्ये स्थापन झालेली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि सैन्याच्या गरजांसाठी १९६१ मध्ये निघालेली संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा. सामान्य विद्यार्थ्याला आठ दिवसांच्या पदभ्रमणासाठी ह्या महागड्या पाकिटांची गरज नाही. वाण्याच्या दुकानातील जिनसांत त्याचे काम भागते.

एका माणसाचा एका दिवसाचा हिशेब पाहावा. सत्तू १५० ग्रॅम, पोहे १५०, वाळविलेली खिचडी १५०, शेंगदाणे १००, गूळ ७५, दुधाची भुकटी ५०, तूप किंवा तेल ५० आणि सुके खोबरे किंवा तीळ ३० ग्रॅम घेतले, तर एकूण वजन ७५५ ग्रॅम होते आणि उष्मांक सुमारे ३,३०० भरतात. आठ दिवसांना सहा किलोग्रॅमच. थंडी कडक असेल तर तूप आणि शेंगदाणे वाढवावे, उन्हाळा असेल तर मीठ वाढवावे. शेंगदाणे अखंड न्यावे, कूट करून नेऊ नये. कुटल्यावर त्यांतील तेल हवेला उघडे पडते आणि लवकर खवट होते. आठ-दहा दिवसांत जीवनसत्त्वांची उणीव भासत नाही. महिनोन्‌महिने चालणाऱ्या मोहिमेत मात्र ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी रक्तपिती होण्याचा धोका असतो. ध्रुवप्रदेशातील कित्येक मोहिमा तिच्यामुळे पांगळ्या झाल्या. सुकविलेल्या आवळ्यात हे जीवनसत्त्व काही अंशी टिकून राहते, म्हणून आवळकाठी बरोबर असलेली बरी.

परदेशांतील शिकारीच्या मोसमात जाणारे लोक हीच शिदोरी थोड्याफार फरकाने वापरतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. येथील अरण्यात जाणाऱ्याला तर सर्व अन्न पाठीवरूनच न्यावयाचे असते. ते दिवसागणिक निरनिराळ्या पिशव्यांत बांधावे, म्हणजे पहिल्या दोन दिवसांतच चांगले पदार्थ संपत नाहीत. एका दिवसाचे जादा अन्न, जे शिजविल्याशिवाय खाता येईल असे, पिशवीच्या तळाशी निराळे ठेवावे व त्याला हात लावू नये. पाऊस, चुकलेली वाट किंवा मुरगळलेला पाय ह्यांसाठी ते असते. रिकाम्या पिशव्या परत आणाव्या. त्यांचे वजन नाममात्र असते. आणि निघण्यापूर्वी एक रविवार घरीच, ह्या शिदोरीवर आणि एका स्टोव्हावर काढून पाहावा. किती पाणी लागले, किती रॉकेल जळले आणि कोणता पदार्थ घशाखाली उतरला नाही, हे त्याच दिवशी कळून येते.